गढूळ पाण्याचा छोटा सबमर्सिबल पंप: तळघर उपसून झाल्यावर लिहिलेला अभिप्राय

पंप घेऊन पहिल्याच दिवशी पाच तारे देणारे बरेच दिसतात. मी तसं केलं नाही. आधी पाणी उपसलं, तळघर वाळवलं, पंप धुऊन ठेवला, आणि आता लिहितेय. वस्तू अशी: गढूळ पाण्यासाठीचा सबमर्सिबल (म्हणजे पाण्यात बुडवून चालवायचा) पंप, साधारण चारशे वॉटचा, प्लॅस्टिकच्या अंगाचा, बाजूला केबलला लटकणारा फ्लोट स्विच, वर दोरी बांधायला कडी. खोक्यावर लिहिलंय: ताशी ७,५०० लिटर, कमाल हेड (पाणी उभं किती चढवतो ते) ७ मीटर, २५ मिलिमीटरपर्यंतचा कचरा चालेल. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण या आकाराचे बहुतेक पंप आतून जवळपास सारखेच असतात आणि मला जे सांगायचंय ते सगळ्यांना लागू आहे.

पंप चांगला आहे. घरच्या माणसाने स्वतः तळघर उपसायचं असेल तर हाच प्रकार घ्यावा असं माझं मत आहे. पण खोक्यावरच्या आकड्यांवरून कोणता घ्यायचा ते ठरवलं तर फसगत होते, आणि पंप किती वेगाने उपसतो यापेक्षा आपण तो किती धीराने चालवतो यावर घराच्या भिंती अवलंबून असतात. या दुसऱ्या गोष्टीबद्दल कुठल्याही खोक्यावर अक्षर नसतं, म्हणून ती मी सविस्तर लिहिणार आहे.

आमचं तळघर ६ मीटर बाय ५ मीटर. लांबच लांब पाऊस झाला, जमीन पाणी पिऊन तट्ट झाली, आणि फरशी व भिंत जिथे मिळतात त्या सांध्यातून पाणी आत आलं. मांड्या बुडतील इतकं, म्हणजे अंदाजे ८० सेंटिमीटर. वास नव्हता, रंग मातकट होता, म्हणजे पावसाचं आणि जमिनीतलं पाणी. हा फरक महत्त्वाचा आहे. गटाराचं पाणी उलटं आलं असेल, घाण वास असेल, तर हा अभिप्राय तुमच्या कामाचा नाही. त्या पाण्यात रोगजंतू असतात, तिथे घरच्या माणसाने उतरूच नये, त्या कामाची माणसं बोलवावीत.

हिशेब असा. ३० चौरस मीटर जागेत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे ३०० लिटर. ८० सेंटिमीटर म्हणजे २४,००० लिटर, वजनात २४ टन. बादल्यांनी हे होणार नाही हे लगेच कळतं. खोक्यावरचा आकडा खरा धरला तर सव्वातीन तासांत तळ दिसायला हवा. तो आकडा खोटा नाही, फक्त तो शून्य उंचीचा आहे. पंपाने पाणी वर उचलायचंच नसेल, नुसतं बाजूला सोडायचं असेल, तेव्हा तो ७,५०० लिटर देतो. ७ मीटर हेड म्हणजे तिथवर पाणी पोचेल, पण धार शून्य. आपलं काम या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतं. तळघराच्या फरशीपासून नळी जिथून बाहेर पडते तिथपर्यंतची उभी उंची आमच्याकडे जेमतेम ३ मीटर. मी नळीच्या तोंडाशी २० लिटरची बादली धरून घड्याळ लावलं: सोळा सेकंद. म्हणजे ताशी साडेचार हजार लिटर. या पंपाकडून मला तेवढीच अपेक्षा होती, त्यामुळे तक्रार नाही. दुकानात विचारायचा प्रश्न मात्र हाच: "तीन मीटरला किती देतो?" चांगल्या कंपनीच्या माहितीपत्रकात उंची आणि धार यांचा आलेख असतो. तो नसेल तर मी तो पंप घेणार नाही.

नळीचं तसंच. पंपासोबत पायऱ्यापायऱ्यांचं एक तोंड येतं, त्यावर वेगवेगळ्या मापाच्या नळ्या बसतात, आणि घरात बागेची बारीक नळी पडलेली असते म्हणून माणूस तीच लावतो. ती लावू नका. नळी बारीक झाली की आतल्या घर्षणाने धार फार झपाट्याने पडते. व्यास निम्मा केला तर तेवढंच पाणी ढकलायला तीसपट जोर लागतो. पंपाच्या तोंडाला बसेल ती सगळ्यात जाड नळी घ्या, लागेल तेवढीच लांब घ्या, आणि तिला मोड पडू देऊ नका. मी सपाट गुंडाळता येणारी कापडी नळी घेतली होती. ती हलकी असते, पण जिन्याच्या कोपऱ्यावर मुडपते. तिथे मी गोलसर वळणाचा कडक पाइपचा तुकडा घातला, मग त्रास झाला नाही.

नळीचं दुसरं टोक कुठे ठेवायचं याकडे फार लोक दुर्लक्ष करतात. भिंतीलगत सोडलं तर तेच पाणी जमिनीतून फिरून परत आत येतं. निदान तीन-चार मीटर लांब, जमिनीचा उतार घरापासून दूर जातो अशा बाजूला सोडावं. आणि ते टोक साचलेल्या पाण्यात बुडवून ठेवू नये. पंप बंद झाला की बाहेरचं पाणी नळीतून सायफनने परत तळघरात उतरू शकतं. नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला की हा धोका जातो, आणि पंप थांबल्यावर नळीतलं पाणीही मागे पडत नाही. व्हॉल्व्ह पंपासोबत आला नव्हता, वेगळा घ्यावा लागला. तो बसवल्यावर कधी कधी पंप हवा धरतो: मोटर गुणगुणते पण पाणी येत नाही. त्यावर उपाय म्हणून व्हॉल्व्हच्या खाली, पंपाच्या बाजूला, तीनेक मिलिमीटरचं भोक पाडतात. काही पंपांना ते कंपनीनेच पाडलेलं असतं. आमच्या पंपाला होतं, ही मोठी जमेची बाजू.

आता विजेचं. इथे मी कुणाचंही ऐकणार नाही आणि तुम्हीही ऐकू नका. तळघरात पाणी आहे आणि तिथली वीज चालू आहे, तर पाय घालायचा नाही. आमचा मेन स्विच वरच्या मजल्यावर आहे, म्हणून कोरड्या जागेत उभं राहून तळघराचा पुरवठा तोडता आला. ज्यांचा बोर्डच तळघरात आहे त्यांनी पाण्यातून चालत जाऊन तो बंद करायला जाऊ नये, वीज कंपनीला कळवून बाहेरून पुरवठा बंद करून घ्यावा. पंपाला वीज वरच्या मजल्यावरच्या प्लगमधून दिली, आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) आहे याची आधी खात्री केली. पंपाची केबल १० मीटर, त्यामुळे जोड द्यावा लागला नाही. दुकानात याच्या खालोखालच्या पंपाची केबल ५ मीटर होती, ती पुरली नसती आणि एक्स्टेंशनचा जोड ओल्या पायरीवर लोळला असता. लांब केबलसाठी थोडे जास्त पैसे गेले तरी हरकत नाही. पंप केबलला धरून खाली सोडायचा नाही, कडीला दोरी बांधून सोडायचा. पंप चालू असताना पाण्यात कुणीही उतरायचं नाही, आणि हात लावण्याआधी प्लग काढायचा. पेट्रोलवर चालणारा पंप असेल तर तो तळघरात किंवा खिडकी-दाराशी लावायचा नाही; त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो बंद जागेत माणसं मारतो.

हे सगळं लावून झाल्यावर दादा म्हणाला, "अगं, आणखी एक मोठा पंप भाड्याने आणूया. दुपारपर्यंत मोकळं होईल, मग फरशी धुऊन टाकू."

मी म्हटलं, "दादा, आज फक्त फूटभर उपसायचं आणि थांबायचं."

त्याला ते पटेना. आत पाणी, हातात पंप, आणि थांबायचं कशासाठी? त्याला कागदावर काढून दाखवलं तेच इथे लिहिते. बाहेरची माती पाण्याने भरलेली आहे. समजा बाहेरच्या जमिनीतलं पाणी तळघराच्या फरशीपासून २ मीटर उंचीपर्यंत आहे. मग भिंतीच्या पायथ्याशी बाहेरून आत दर चौरस मीटरला २ टनांचा रेटा आहे, मातीचा रेटा वेगळाच. आतलं ८० सेंटिमीटर पाणी त्याच पायथ्याशी उलट दिशेने ०.८ टनाने रेटतंय. ते आपलं नुकसान करतंय हे खरं, पण त्याच वेळी भिंतीला टेकूही देतंय. फरशीचं त्याहून वाईट. १० सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटचं वजन दर चौरस मीटरला फक्त २४० किलो, आणि खालून पाणी तिला २ टनांनी वर ढकलू शकतं. आतलं पाणी तिच्यावर ८०० किलो ठेवून बसलंय. ते एका दुपारी काढून टाकलं तर फरशी उचलून तडकते, भिंत आत फुगते, क्वचित कोसळते. पूर आलेल्या घरांमध्ये हे घडलेलं आहे. म्हणूनच अमेरिकेतल्या फेमा या सरकारी आपत्ती संस्थेचा घरमालकांना सल्ला असा आहे: बाहेर जमिनीवरचं पाणी ओसरल्याशिवाय उपसायला सुरुवात करू नका, आधी फूटभर पाणी काढा, पातळीची खूण करा, रात्रभर थांबा. पाणी खुणेच्या वर चढलं तर अजून वेळ झालेली नाही, आणखी एक दिवस थांबून पुन्हा तेच करा. चढायचं थांबलं की मग एका वेळी दोन-तीन फूट उतरवा आणि दर वेळी रात्रभर नजर ठेवा.

आम्ही भिंतीवर खडूने रेघ मारली. पहिला फूटभर उपसा दोनेक तासांत झाला आणि पंप बंद केला. सकाळी पाणी रेघेच्या वर, दोन बोटं चढलेलं. म्हणजे बाहेरचा रेटा अजून होता. दादा काहीच बोलला नाही, नवी रेघ मात्र त्यानेच मारली. पुढची रेघ स्थिर राहिली तेव्हा पुढे गेलो.

म्हणून या पंपाची साडेचार हजार लिटरची धार मला पुरेशी वाटते. दुप्पट ताकदीचा पंप असता तरी मी तो दुप्पट वेगाने चालवला नसता. ज्यांच्याकडे पाणी नळाचा पाइप फुटून आलंय, बाहेरची जमीन कोरडी आहे, त्यांना हे थांबणं लागत नाही. त्यांनी लगेच उपसावं.

फ्लोट स्विचबद्दल. फ्लोट म्हणजे केबलच्या टोकाला असलेला पोकळ डबा. पाणी चढलं की तो वर उचलला जातो आणि मोटर चालू होते, पाणी उतरलं की खाली लोंबतो आणि बंद होते. मोटर आजूबाजूच्या पाण्यानेच थंड राहते, कोरडी चालली तर सील जातं आणि मग मोटर जळते, त्यामुळे हा भाग पंपाचा जीव वाचवतो. केबल जितकी मोकळी सोडाल तितकं चालू आणि बंद होण्यातलं अंतर वाढतं. पंपाच्या अंगावर केबल अडकवायला खाच आहे, ती घट्ट धरते, घसरत नाही. फ्लोटला फिरायला मोकळी जागा लागते. भिंतीला, पाइपला किंवा तरंगणाऱ्या लाकडाला अडकला तर एक तर पंप सुरूच होत नाही किंवा थांबतच नाही. कोपऱ्यात ठेवू नका, जागा सखल असली तरी. तळाला विटेवर ठेवा, म्हणजे तो गाळ ओढत नाही. २५ मिलिमीटरचा कचरा चालतो हे खरं असलं तरी चिंध्या, दोरा, प्लॅस्टिकची पिशवी इंपेलरला, म्हणजे आतल्या फिरत्या पात्याला, गुंडाळतात. मी जुन्या बादलीला सगळीकडे भोकं पाडून पंप तिच्यात बसवला, आणि फ्लोट बादलीच्या बाहेर मोकळा ठेवला. शेवटपर्यंत एकदाही चोक झाला नाही.

आता उणी बाजू. फ्लोटवर चालवला तर हा पंप दहा-बारा सेंटिमीटर पाणी ठेवून थांबतो. प्लग काढून फ्लोट वर बांधून ठेवला आणि मग चालवला तर चार-पाच सेंटिमीटरपर्यंत ओढतो, त्यासाठी समोर उभं राहावं लागतं आणि गुरगुर सुरू झाली की लगेच बंद करावा लागतो. त्याच्या खाली तो जात नाही. कारण पोटाखालून जाड कचरा आत घेता यावा म्हणून त्याचं तोंडच उंचावर आहे. चार सेंटिमीटर म्हणजे आमच्या तळघरात १,२०० लिटर! जाहिरातीत कोरड्या फरशीचं चित्र बघून घेणाऱ्याला इथे धक्का बसेल. स्वच्छ पाण्याचे सपाट बुडाचे पंप दोन-तीन मिलिमीटरपर्यंत ओढतात, पण त्यांना गाळ चालत नाही. दोन्ही गुण एका पंपात शोधत बसू नका.

उरलेल्यासाठी ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम वापरला. त्याची धुळीची पिशवी आणि कागदी फिल्टर काढून फोमचा फिल्टर लावायचा. २० लिटरची टाकी भरली की आतला तरंगणारा गोळा वर येऊन ओढ बंद करतो आणि आवाज चढतो. ती २० किलोची टाकी जिना चढून ओतायची म्हणजे कंबर धरते. म्हणून खाली एक मोठा टब ठेवला, व्हॅक्यूम त्यात रिकामा करत गेलो, टब भरला की पंप त्यात सोडून उपसा. बुडाला नळी जोडायची सोय असलेला व्हॅक्यूम मिळाला तर तोच घ्या. शेवटी रबरी वायपर आणि फडकी.

फरशी दिसली म्हणजे अर्धं काम झालं. ओल राहिली तर २४ ते ४८ तासांत बुरशी धरायला लागते, त्यामुळे उपसा हळू असला तरी भिजलेल्या वस्तू थांबून चालत नाहीत. पुठ्ठे, कागद, गाद्या, भुश्याच्या फळ्या पहिल्या संधीला बाहेर. भिंत आणि फरशी आधी साबणाच्या पाण्याने घासायची, मग जंतुनाशक. चिखलावर ब्लीच ओतून काही साधत नाही. आणि ब्लीच कुठल्याही दुसऱ्या क्लीनरमध्ये, विशेषतः अमोनिया असलेल्या, कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो.

डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, आम्ही भाड्याने आणला. त्याच्यावर दिवसाला २० लिटर लिहिलेलं असेल तर तो आकडा उबदार, दमट हवेतला असतो, बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेचा. तळघर थंड असतं, तिथे तो त्याच्या निम्मंही देत नाही. फार थंडीत कॉइलवर बर्फ धरतो. तो चालू असताना दारं-खिडक्या बंद ठेवायच्या, नाहीतर तो बाहेरची हवा वाळवत बसतो. टाकी रिकामी करायला विसरलं की तो थांबतो, म्हणून मागच्या तोंडाला नळी लावून ती पंपाच्या टबात सोडली. पंखे भिंतीवर तिरका वारा लागेल असे ठेवले. हायग्रोमीटरवर आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली टिकून राहिली तरी भिंत आतून ओली असू शकते. ते बघायला प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर लावला आणि दुसऱ्या दिवशी उचलला. भिंतीकडच्या बाजूला दव दिसलं, म्हणजे ओल भिंतीतून येतेय, रंगाची घाई नको.

आतून वॉटरप्रूफ रंग लावा असं सांगणारे बरेच भेटले. बाहेरून पाण्याचा रेटा असताना आतला रंग त्या रेट्यापुढे फार काळ टिकत नाही, फुगतो आणि पोपडे पडतात. पाणी बाहेरच वळवायला हवं. १०० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला की १,००० लिटर पाणी होतं, आणि आमच्या पन्हळीचा पाइप ते सगळं थेट भिंतीच्या पायथ्याशी सोडत होता. तो पुढे वाढवून उताराकडे नेला, भिंतीलगत माती भरून घरापासून दूर उतार केला, आणि फरशीच्या कडेला सखल कोपऱ्यात छोटा खड्डा काढून घेतला. आता पंप त्या खड्ड्यात कायमचा बसला आहे. खड्ड्याचा फायदा म्हणजे फरशीवर यायच्या आत पाणी तिथे जमतं आणि ते दहा-बारा सेंटिमीटर उरतं ते खड्ड्यातच.

कायम बसवायचा असेल तर दोन गोष्टी. खड्ड्याचं तोंड फ्लोटला फिरता येईल इतकं रुंद हवं, आमचा ४५ सेंटिमीटर आहे. आणि अधूनमधून बादलीभर पाणी ओतून फ्लोट उचलतो का, धार येते का ते पाहायचं. गढूळ पाणी उपसल्यावर पंप स्वच्छ पाण्यात पाच मिनिटं चालवायचा, नाहीतर इंपेलरभोवती गाळ वाळून दगड होतो आणि पुढच्या वेळी मोटर नुसती हुंकारते. खालची जाळी तीन स्क्रूंवर निघते, हत्याराशिवाय निघाली असती तर अर्धा तारा जास्त दिला असता.

पाचपैकी चार. एक तारा कापला तो तळाशी उरणाऱ्या पाण्यासाठी आणि खोक्यावर तीन मीटरची धार न छापण्यासाठी. दोन तळघरं असलेल्यांनी किंवा जिथे दर पावसात पाणी येतं त्यांनी याहून मोठा, ओतीव लोखंडी अंगाचा घ्यावा, प्लॅस्टिकचा सतत चालण्यासाठी बनलेला नाही. आणि वादळी पावसात वीज जाते तेव्हा हा पंप काहीच करू शकत नाही. त्यासाठी बॅटरीवर चालणारा दुसरा छोटा पंप त्याच खड्ड्यात, वरच्या पातळीला फ्लोट लावून बसवतात. तो आता घेणार आहोत. तीन मीटरला किती देतो ते विचारून झालंय, उत्तर आलं की ठरवू.